लागेल तेव्हा मागून घेईन

ज्याला काहीच नको असतं त्याच्याइतका धोकादायक माणूस या जगात नाही, आणि अशा धोकादायक माणसांत आमचे व्याही पहिल्या नंबरचे आहेत. हे मी रागाने म्हणत नाही, अनुभवाने म्हणतो. मस्कतमध्ये सव्वीस वर्षं मी मोटार विम्याचे दावे तपासतो आहे. आपल्या उभ्या गाडीला उंट येऊन धडकला असं सांगणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या एक-दोघांचा उंट खरा निघालेलाही पाहिला आहे. एवढ्या वर्षांत मला इतकंच कळलं की जो टेबलावर हात आपटून मागतो त्याचा दावा बहुधा सरळ असतो. जो म्हणतो, "माझं काही नाही हो साहेब, तुम्हाला योग्य वाटेल ते करा," त्याची फाईल मी दोनदा वाचतो. आमच्या व्याह्यांची फाईल मी गेली नऊ वर्षं वाचतो आहे.

सुरुवात लग्नाच्या बैठकीतच झाली. माझी मुलगी मुग्धा आणि जावई निखिल यांनी मस्कतमध्येच एकमेकांना पसंत केलं होतं, तेव्हा आमचं काम फक्त होकार द्यायचं आणि पुण्यात हॉल बघायचं. मुलाचे वडील कोकणातले माजी आमदार आहेत हे कळल्यावर आमच्या घरात धास्ती पसरली. जिपा भरून माणसं येतील, हारतुरे होतील, भाषणं होतील, आणि मानपानाची यादी हातभर असेल अशी सगळ्यांची खात्री होती. प्रत्यक्षात ते एसटीने आले. बरोबर अकरा माणसं, त्यांतली तीन लहान मुलं. मी घसा साफ करून मानपानाचा विषय काढला तर म्हणाले, "आम्हाला काही नको." बायकोने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं. माझा मामा मला बाजूला घेऊन म्हणाला, "काही नको म्हणजे फ्लॅट हवा असणार."

लग्नात तर कहरच झाला. चांदीचं तामण घेऊन मी त्यांचे पाय धुवायला वाकलो, तर या गृहस्थांनी दोन्ही पाय खुर्चीवर वर ओढून घेतले आणि मांडी घालून बसले. म्हणाले, "माझे सकाळीच धुऊन झालेत. तुमचेच राहिलेले दिसतात, कालपासून धावपळ करताय." आणि माझ्या हातातला तांब्या घेऊन त्यांनी माझ्याच पायांवर पाणी घातलं. त्या क्षणाचा फोटो आहे. त्यात माझा चेहरा घरावर धाड पडलेल्या माणसाचा आहे. पंगतीत त्यांनी जिलेबीचं ताट उचललं आणि वाढायला सुरुवात केली ती अगदी शेवटच्या पानापासून, जिथे मांडववाले आणि गाड्यांचे ड्रायव्हर बसले होते. पंगतीच्या डोक्याला बसलेली आमची आत्या वीस मिनिटं रिकाम्या पानाकडे बघत होती, आणि तिने ती वीस मिनिटं अजून मला माफ केलेली नाहीत.

निघताना मी त्यांच्या खांद्यावर शाल घालायला गेलो. चांगली, भरजरी किनारीची शाल होती. त्यांनी ती हातात घेतली, किनार नीट बघितली, घडी केली आणि मला परत दिली. "ठेवा तुमच्याकडेच," ते म्हणाले. "लागेल तेव्हा मागून घेईन."

या चार शब्दांनी माझी झोप उडाली. ती शाल बॅगेतून मस्कतला आली आणि सीबच्या आमच्या घरात कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन बसली. कपाट उघडलं की ती दिसे, आणि ती दिसली की मी विचार करू लागे, की हे नेमकं काय मागणार आहेत आणि कधी.

आता त्यांच्या आमदारकीबद्दल. कोकणातल्या एका डोंगराळ तालुक्याने त्यांना एकदा निवडून दिलं आणि पुन्हा कधी ती चूक केली नाही. त्यांचा म्हणे एकच कार्यक्रम होता. गावात पाण्याची योजना आली की टाकी वरच्या अंगाला होते, पहिला नळ मानकऱ्यांच्या आळीत बसतो, आणि खाली शेवटच्या वाडीपर्यंत पाणी पोचायच्या आत नळातून नुसती हवा यायला लागते. व्याह्यांनी हे उलटं केलं. पहिला नळ शेवटच्या वाडीत. तिथले हंडे भरल्याशिवाय वरच्या आळीची चावी उघडायची नाही. उद्घाटनाचा नारळही त्यांनी स्वतः कधी फोडला नाही; त्या वाडीतली जी बाई सगळ्यांत लांबून पाणी आणत असेल तिच्या हातात दिला. जिथे जिथे हे झालं तिथल्या वरच्या आळ्या, एरवी एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या, पुढच्या निवडणुकीत एक झाल्या आणि त्यांनी व्याह्यांना घरी बसवलं. "आणि शेवटच्या वाड्यांनी?" मी एकदा खोदून विचारलं. "त्यांनी दिलं ना मत," ते म्हणाले. "पण शेवटच्या वाड्या लहान असतात." सभागृहात त्यांची पाळी आली की मागच्या बाकावरच्यांना आधी बोलू द्या म्हणायचे, त्यामुळे कामकाजात त्यांची भाषणं फार थोडी सापडतात. मी शोधली आहेत.

नात झाल्यापासून ते दर हिवाळ्यात तीन महिने मस्कतमधल्या बौशरला मुलाकडे येऊ लागले. विहीणबाई लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे एकटेच. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, वर निखिलचं जुनं जॅकेट, खिशात एक निळ्या पुठ्ठ्याची वही. माणूस मस्कतला आला की मॉल बघतो, समुद्र बघतो. हे पहिल्या दिवशी खाली जाऊन गाड्या धुणाऱ्या बांगलादेशी माणसाला भेटले, मग वॉचमनला, मग तळमजल्यावरच्या किराणावाल्याला, आणि असं चढत चढत चौथ्या दिवशी बिल्डिंगच्या मालकापर्यंत पोचले. हा मालक, म्हणजे सगळ्यांचा अर्बाब, म्हातारा ओमानी गृहस्थ. अंगात पांढरीशुभ्र पायघोळ दिशदाशा, हातात काठी, हिंदी आमच्यापेक्षा बरी. त्याला यांनी विचारलं, "आपके गाँव में पानी आता है?" सातव्या दिवशी अर्बाब यांना आपल्या गाडीत घालून डोंगरापलीकडच्या आपल्या गावी फलज दाखवायला घेऊन गेला. फलज म्हणजे डोंगरातून बागांपर्यंत आणलेला पाण्याचा पाट. मी इतक्या वर्षांत तो फक्त सहलीला गेल्यावर पाय बुडवायला वापरला होता. हे त्याच्या उगमापासून नव्हे, शेवटच्या खजुराच्या बागेपासून उलटे चालत गेले आणि वाटेत प्रत्येकाला विचारत होते की सगळ्यांत शेवटच्या बागेला पाणी कधी मिळतं. अर्बाब म्हणाला, "सबका टाइम बंधा हुआ है. आखिरी वाले का भी उतना ही." व्याह्यांनी ते वहीत लिहून घेतलं, आणि परत आल्यावर आठ दिवस आम्हाला तेच ऐकवलं. मला मात्र एकच प्रश्न पडला होता. ज्याला इथे मत नाही, मतदारसंघ नाही, तो माणूस मालकापासून गाडी धुणाऱ्यापर्यंत सगळ्यांना का जोडत सुटला आहे?

नातीवर परिणाम व्हायचा तो झाला. ईराच्या चौथ्या वाढदिवसाला केकचा पहिला तुकडा कुणाला, असं विचारल्यावर आई-बाबा, आजी-आजोबा सगळे तोंड पुढे करून उभे होते. ती पोर पहिला तुकडा घेऊन थेट दाराशी गेली आणि फुगे लावायला आलेल्या माणसाच्या हातात देऊन आली. "आजोबा सेड, लास्ट वाल्याला फर्स्ट," तिने सांगितलं. मराठी तिची बेताचीच, पण हे पक्कं होतं.

माझा संशय बळावला तो त्या वहीमुळे. दर शुक्रवारी सकाळी व्याही बसने वादी अदाईला जात. तिथे डोंगराच्या कुशीत भाड्याच्या खोल्यांमधून आपल्या कोकणातली पुष्कळ माणसं राहतात. एसीची कामं करणारे, सुतार, ड्रायव्हर, कॅन्टीनचे आचारी. त्यांतले बरेचसे व्याह्यांच्या जुन्या तालुक्यातले. आता मी गणित मांडलं. आखातातल्या माणसाचा गावी एक फोन गेला की घरातली पाच मतं हलतात. गावाकडे निवडणुका जवळ आल्या होत्या. आणि हे इथे बसून वहीत नावं लिहीत होते. चौकशीच्या नोकरीत मी स्वतः कुणाचा पाठलाग कधी केला नव्हता, त्यासाठी आमच्याकडे वेगळी माणसं असतात. पण एका शुक्रवारी मी गाडी काढली आणि त्यांच्या बसच्या मागे मागे वादी अदाईला गेलो.

बसमधून उतरून ते गल्लीतल्या अगदी शेवटच्या इमारतीत शिरले, हे सांगायला नकोच. मी थोड्या अंतराने जिना चढलो. एका खोलीचं दार उघडं होतं. आत भिंतीला लागून दुमजली खाटा, मध्ये जमिनीवर वर्तमानपत्र, त्यावर लसणाचा ढीग, आणि सात-आठ बनियनवाल्या माणसांच्या मध्ये आमचे व्याही मांडी घालून लसूण सोलत बसलेले. मांडीवर वही उघडी. एकाने फोनवर गावाकडे बायकोला लावलं होतं आणि तो फोन व्याह्यांसमोर धरला होता. व्याही विचारत होते, "आणि पावसात पोरं शाळेत कशी जातत?" उत्तर आलं की यांनी लसणाचे हात सदऱ्याला पुसून काहीतरी लिहिलं. मी दाराआड होतो. मान वर न करता ते म्हणाले, "या व्याहीबुवा. गाडी उन्हात लावलीत, समोर शेडखाली जागा आहे. बसच्या मागच्या काचेतून दिसत होतात तुम्ही."

परतताना गाडीत मी सरळच विचारलं, "पुन्हा उभे राहताय का?"

"उभा राहिलो की गुडघा दुखतो," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. हे काही उत्तर नव्हे. माझ्या ऑफिसात असं उत्तर दिलं असतं तर मी दावा तिथेच रोखून धरला असता.

त्या खोलीतच सदानंद राहत असे. त्याच्याबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. सदानंद एसी दुरुस्त करणारा. पंचवीस वर्षं मस्कतमध्ये. आमच्यातल्या प्रत्येकाच्या घरच्या एसीचा स्वभाव त्याला माहीत. आमच्या मराठी मंडळींचं जे मंडळ आहे, त्याच्या दर हिवाळ्यातल्या स्नेहभोजनात पानं मांडण्यापासून शेवटचा ताकाचा पेला देण्यापर्यंत सगळं हाच बघायचा. या मंडळाचा कार्यवाह मी. आणि स्नेहभोजनाची पद्धत मीच बसवून दिलेली: साडेबाराला फॅमिली पंगत, अडीचला बॅचलर पंगत, दोघांचे पास वेगळे. आमच्याकडे बॅचलर कोणाला म्हणतात हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. ज्याच्या व्हिसावर बायको इथे नाही तो बॅचलर, मग गावी त्याला बायको, तीन मुलं आणि एक सून का असेना. वादी अदाईची चाळीसेक माणसं पहिल्या पंगतीला वाढायची आणि दुसरीला बसायची. तोपर्यंत जिलेबी संपलेली असे, भजी मऊ पडलेली असत. कुणी कधी तक्रार केली नव्हती, त्यामुळे पद्धत चांगली आहे असं मी धरून चाललो होतो.

त्या वर्षी सदानंद नोकरी सोडून कायमचा गावी चालला होता. खलास, तिकीटसुद्धा काढलेलं. आणि जाण्यापूर्वी एकदा बायकोला मस्कत दाखवावं म्हणून त्याने तिला अकरा दिवसांच्या व्हिसावर बोलावून घेतलं होतं. पंचवीस वर्षांत ती पहिल्यांदा येत होती. तो माझ्या घरी आला, आधी उगाच आमच्या एसीचा फिल्टर काढून धुतला, आणि मग म्हणाला, "साहेब, या वर्षी मिसेस आहे बरोबर. फॅमिलीचा पास मिळेल का? एकच वेळ. दोघं बसू कडेला कुठेतरी."

मी म्हणालो, "बघतो." आमच्या मंडळात "बघतो" म्हणजे नाही, हे त्याला ठाऊक होतं. माझीही बाजू होती. हॉलची मर्यादा ठरलेली, सिव्हिल डिफेन्सचा नियम. तात्पुरत्या व्हिसावरच्या पाहुण्याला पास दिला तर उद्या सगळेच मागणार. सदानंद लगेच म्हणाला, "हरकत नाही साहेब. ती बाहेर बसेल. मी वाढायला असेनच." आणि फिल्टर लावून गेला.

चौथ्या दिवशी व्याह्यांचा फोन आला. "येतोय," एवढंच म्हणाले. एरवी हा माणूस न सांगता येतो, स्वयंपाकघराच्या दारातल्या स्टुलावर बसतो. त्या दिवशी ते दिवाणखान्यातल्या मोठ्या खुर्चीवर बसले. पाठ टेकली. पाण्याचा पेला बायकोने नेऊन देईपर्यंत थांबले, स्वतः उठून घेतला नाही.

"आज मी मुलाकडचा म्हणून आलोय," ते म्हणाले. "मानपान राहिला होता."

सात वर्षं. सात वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते आलं होतं, आणि खरं सांगतो, भीतीपेक्षा मला आनंदच जास्त झाला. मी बायकोकडे अशा नजरेने पाहिलं की, बघ, मी म्हणत नव्हतो? ती आत जाऊन कपाटातली शाल घेऊन आली.

"शाल राहू दे," ते म्हणाले. "मला पंगत हवी. एकच पंगत, सगळ्यांची, शेवटच्या पानापासून वाढलेली. सदानंद आणि त्याची मंडळी पहिल्यांदा बसतील. पास फाडून टाका."

मी हॉलची मर्यादा सांगितली. ते म्हणाले, "ते चाळीस जण त्या वेळी हॉलमध्येच असतात. फक्त उभे असतात."

"बसल्यावर माणूस जास्त जागा घेतो," मी म्हणालो. हे बरोबरच आहे, कुणीही मोजून बघावं.

"मग स्टेज काढा. भाषणं कमी होतील."

"आणि नाहीच जमलं तर?"

"तर मी रुसणार," व्याही शांतपणे म्हणाले. "लग्नात रुसायचं राहून गेलं. हॉलच्या दारात खुर्ची टाकून रुसेन, सगळ्यांसमोर. मुलीच्या बापाने समजूत काढेपर्यंत उठणार नाही."

मी हसलो. कमिटीपुढे ठेवतो म्हणालो. कमिटीत अध्यक्ष म्हणाले, पुढच्या वर्षी विचार करू, आणि मी तसं मिनिट्समध्ये लिहून टाकलं. व्याह्यांना कळवलंही नाही. मोठ्या माणसांच्या रागाला आपण ओळखतो अशी मला घमेंड होती.

स्नेहभोजनाच्या शुक्रवारी बारा वाजता मी हॉलवर पोचलो तर ते खरोखर दारात रुसून बसले होते. पांढरा सदरा, आज जॅकेट नाही, हातांची घडी, तोंड भिंतीकडे. पैठण्या नेसलेल्या बायका, कुर्ते घातलेली इंग्रजी बोलणारी मुलं, सगळी त्यांच्या बाजूने आत जात होती आणि वळून वळून बघत होती. मुग्धा माझ्यावर भडकली होती. निखिल हसू दाबत गाडीत जाऊन बसला होता. ईरा आजोबांच्या शेजारी जमिनीवर बसली होती, तिनेही हातांची घडी घातली होती. अध्यक्ष मला म्हणाले, "अहो, तुमचे व्याही ना हे? यल्ला, संपवा लवकर."

मी पुढे झालो, आणि तेव्हा मला जिन्याच्या कोपऱ्यात सदानंदची बायको दिसली. अंगावर नवी जरीची साडी, अजून घडीच्या रेघा न मोडलेली. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. दाराच्या काचेतून ती आत बघत होती. आत सदानंद कमरेला पंचा बांधून पानं मांडत होता, मोठ्या सफाईने, दोन पानांत एक वीत अंतर ठेवून. मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून तिला म्हटलं, "बसा ना वहिनी, खुर्ची देऊ का?"

"नको," ती म्हणाली. "ह्ये हंय कशे जेवतत, तां बघूक इलंय मी."

पंचवीस वर्षं त्याने फोनवर तिला सांगितलं असणार की आमच्या मंडळात मोठी पंगत असते, जिलेबी असते, मी मजेत जेवतो. आणि ती ते बघायला समुद्र ओलांडून आली होती. ते पास माझ्या खिशात होते. मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

मी व्याह्यांसमोर उभा राहिलो, आणि दीडशे माणसांच्या देखत, मुलीच्या बापाने उभं राहायचं असतं तसा, हात जोडून म्हणालो, "व्याहीबुवा, चुकलंमाकलं पोटात घाला. पंगतीला चला."

"कुठल्या पंगतीला?" त्यांनी भिंतीलाच विचारलं.

"एकच आहे," मी म्हणालो.

मग स्टेज काढलं. खुर्च्या बाहेर गेल्या. दोन रांगांच्या चार झाल्या, केळीची पानं अर्धी करावी लागली, गुडघ्याला गुडघा लागला. कमिटीने कमरेला पंचे बांधले, आणि वाढायला कधीच सवय नसल्यामुळे मी पहिल्या फेरीत मीठ विसरलो. वाढप शेवटच्या पानापासून सुरू झालं. अध्यक्ष डोक्याच्या पानावर रिकामे बसले होते, आणि मला आमच्या आत्याची आठवण झाली. सदानंदला मात्र बसताच येईना. कुणाच्या पानात काही कमी दिसलं की तो अर्धा उठे. तिसऱ्यांदा उठला तेव्हा बायकोने त्याच्या शर्टाची बाही धरून खाली ओढला आणि जेवण संपेपर्यंत ती सोडली नाही. डाव्या हातात बाही धरून ती जेवली.

तेव्हा एवढं नोंदवून ठेवतो की माझा संशय खरा ठरला. त्यांना काहीतरी हवं होतंच.

फेब्रुवारीच्या शेवटी ते परत निघाले तेव्हा विमानतळावर मी शाल पुन्हा पुढे केली. "मान तर वसूल झाला," ते म्हणाले. "ही ठेवा. लागेल तेव्हा मागून घेईन." मग मी वहीचं विचारलं. त्यांनी ती सरळ माझ्या हातात दिली. पानापानावर नाव, गाव, वाडी, आणि पुढे एकेक ओळ. 'सदानंद — शाळेच्या वाटेवरचा साकव. शब्द दिला होता. राहिला.' कुणाची विहीर, कुणाच्या वाडीचा दिवा, आणि प्रत्येकापुढे तेच, राहिलं, राहिला, राहिली. काही ओळींवर काट होती, बारीक अक्षरात 'दुसऱ्याने केलं, बरं झालं' असं लिहिलेलं. मी वर बघितलं तर ते म्हणाले, "ही माणसं समोर आली की तोंड लपवावंसं वाटतं. त्यापेक्षा आपणच जाऊन विचारलेलं बरं." निवडणुकीला ते उभे राहिले नाहीत. मी दोनदा खात्री करून घेतली.

त्यानंतर ते आले नाहीत. पावसात ओढ्यावरच्या त्याच साकवाची जागा बघायला गेले आणि घसरून पडले, कमरेचं हाड मोडलं. आता विमानाचा प्रवास नको म्हणून डॉक्टरांनी सांगितलं आहे. दर शुक्रवारी फोन मात्र येतो आणि चौकशी खालून सुरू होते: गाड्या धुणारा कसा आहे, वॉचमनच्या आईचं ऑपरेशन झालं का, वादी अदाईत कोण नवीन आलं, अर्बाबच्या बागेत पाणी आहे का, मग ईरा, मुग्धा, निखिल, आमची ही, आणि सगळ्यांत शेवटी मी. इतकी वर्षं याचा मला जरा रागच होता.

या मार्चमध्ये मी निवृत्त होतो आहे. माझाही व्हिसा संपेल. मुग्धा आणि निखिल नोकरीसाठी ईराला घेऊन कॅनडाला गेले, त्याला चार महिने झाले. गेल्या शुक्रवारी व्याह्यांचा फोन आला. मी सवयीने वॉचमनची खबर द्यायला लागलो, तर त्यांनी मध्येच थांबवलं. "ते मग," ते म्हणाले. "आधी तुमचं सांगा. कसे आहात?"

मी फोन घेऊन खाली बसलो आणि सांगायला लागलो.

सध्या घरात बांधाबांध चालली आहे. काल कपाट आवरताना हिने शाल काढली आणि म्हणाली, ही कुणाला तरी देऊन टाकू, त्यांनी काही मागितली नाही. मी ती घेऊन माझ्या हातातल्या बॅगेत ठेवली. पुण्याला नंतर जाऊ, आधी कोकणात उतरायचं असं मी ठरवलं आहे. न मागता शाल घेऊन मी त्यांच्या दारात उभा राहिलो की त्यांना संशय यायला हवा, या माणसाला आता नेमकं काय हवं आहे. त्यांनी विचारलं, तर काही नको म्हणून सांगणार आहे.